पायली, पाढे आणि पाठांतर

समजा, शंभर वर्षांपूर्वीचा गोंदियाचा बाजार आहे. धानाचा भाव मणाला सव्वातीन रुपये आणि शेतकऱ्याचे माप भरले अठरा मण. आडत्याकडचा मुनीम कागद शोधत बसणार नाही. अठरा त्रिक चोपन्न, अठरा पाव साडेचार, झाले साडेअठ्ठावन्न. अठ्ठावन्न रुपये आठ आणे. एवढे तोंडातल्या तोंडात पुटपुटून तो पुढच्या बंडीकडे वळेल. गंमत अशी, की समोरचा शेतकरीही तेवढ्याच वेळात मनातल्या मनात तोच हिशेब करत असेल, आणि मुनिमाच्या तोंडून 'अठ्ठावन्न रुपये चार आणे' निघाले तर तिथेच वाद पेटेल.

गोंदिया जिल्हा म्हणून नकाशावर आला 1 मे 1999 रोजी, भंडाऱ्यातून वेगळा होऊन. बाजारपेठ मात्र रेल्वेची देणगी. 1880च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला, 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेतला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथूनच बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी सुरू झाली. पुढे दक्षिणेला चांद्याकडेही फाटा निघाला. भातशेतीच्या मुलखात चार दिशांनी रूळ आले म्हटल्यावर धान, तांदूळ, लाकूड आणि तेंदूपत्ता यांचा व्यापार इथे गोळा होणारच. गुजराती, कच्छी, मारवाडी पेढ्या आल्या. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा भाषा एकाच बाजारात बोलल्या जाऊ लागल्या. मराठी शाळेत शिकलेला सवायकी म्हणे, हिंदीत शिकलेला सवैया. उत्तर दोघांचे एकच यायचे.

हे हिशेबी डोके घडत होते ते पंतोजींच्या शाळेत. सरकारी शिक्षणखाते मध्य प्रांतात आले 1860च्या दशकात. गावठी शाळा त्याच्या कितीतरी आधीच्या. धूळपाटीवर बोटाने आकडा गिरवायचा आणि पुसायचा, त्यामुळे लिहिलेले काहीच शिल्लक राहत नसे. जे राहायचे ते डोक्यात. एक ते तीसपर्यंतचे पाढे ही नुसती सुरुवात. त्यानंतर खरी परीक्षा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. संध्याकाळी दिवेलागणीला घरोघर परवचा चाले. आधी श्लोक, मग पाढे, की आधी पाढे, मग श्लोक, हे घराघरावर होते. पण दोन्ही एकाच सुरात, मांडी घालून, डुलत. सूर चुकला की स्वयंपाकघरातून आजी ओरडे. तिला स्वतःला अक्षरओळख नसली तरी पाढ्याची चाल तिच्या कानात बसलेली असे आणि 'सतरा साते' कुठे अडखळते हे तिला बरोबर कळे.

आजच्या वाचकाला अडीचकी म्हणजे निव्वळ छळ वाटेल. मुद्दाम मुलांना रडवायला अडीचचा पाढा कोण करील? पण त्याचे कारण बाजारात होते. रुपयाचे आणे सोळा आणि वजनी मणाचे शेर चाळीस. सोळाला अडीचने गुणले की चाळीस येतात. म्हणून मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. धान मणाला चार रुपये असेल तर अडीच शेर चार आण्यांना, पाच शेर आठ आण्यांना, दहा शेर रुपयाला. भाव कितीही बदलो, किल्ली तीच. अडीचकी पाठ असलेला गडी दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहता पैसे मोजून ठेवू शकत असे. ज्याला ती येत नव्हती, तो दुकानदाराच्या इमानावर जगत असे. आणि ते इमान बाजारभावासारखेच खालीवर होई.

त्यात मापांचा घोळ वेगळाच. वजनी मण निराळा आणि मापी मण निराळा: पुस्तकात मापाच्या चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. प्रत्यक्षात पायली गावागणिक लहानमोठी. एका गावच्या पायलीचे दुसऱ्या गावच्या पायलीत किती, हे डोक्यात ठेवावे लागे. खळ्यावर धान मोजणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे आणि मग दोन, तीन, चार असे मोठ्याने म्हणत जाई. मोजणी मोठ्याने करण्यामागे शुभाशुभाची भावना असेल, पण व्यवहारही होता: धनी, शेतमजूर, बलुतेदार असे चारपाच जण भोवती उभे असत आणि प्रत्येक जण सोबत मोजत असे. मोजणाऱ्याने एक माप गाळले की चार तोंडांतून एकदम आवाज येई. पाठांतराला कान देणारे कोणीतरी समोर असणे, हा या सगळ्या परंपरेचा कणा दिसतो. एकट्याने कोपऱ्यात बसून कोडी सोडवण्याची आजची रीत तिच्यापासून फार लांबची आहे.

पंतोजींच्या शाळेत मुली नव्हत्या, आणि खालच्या मानलेल्या जातींची मुले असली तर ओसरीबाहेर. परवच्याचे गोडवे गाताना ही गोष्ट सहसा गाळली जाते. ज्यांना शाळेचा उंबरा चढू दिला नाही, त्यांनीही हिशेब शिकला, पण दुसऱ्या शाळेत. गोंदिया-भंडाऱ्याकडे ती शाळा होती विडीची.

विडीचा कट्टा पंचवीसचा. मजुरी हजारी. घरच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बाई पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते. हात न थांबता मोजणी चालू राहते, कारण मधेच विसरले तर पुन्हा पहिल्यापासून. दर हजारी सव्वा रुपया असेल तर शेकडा दोन आणे. सातशे विड्या म्हणजे अठ्ठावीस कट्टे, चौदा आणे. विड्या गोळा करणाऱ्या सट्टेदाराने दोन कट्टे छाट म्हणून बाजूला फेकले की एक आणा गेला. हे गणित कुठल्याही अंकलिपीत नव्हते, पण ज्या बाईला ते येई तिला फसवणे अवघड जाई. छाटीवरून इतकी भांडणे झाली, की 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांच्या वादासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. गोंदियात या धंद्याने मोठी घराणी उभी केली. विडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी सुरू केली. धंद्याच्या दुसऱ्या टोकाला, ओसरीवर बसलेल्या बायांच्या डोक्यात चाललेल्या शाळेला मात्र नाव नव्हते की फळा नव्हता.

मग सगळे बदलले, आणि झपाट्याने बदलले. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि एका आण्याचे सव्वासहा. 1962 पासून व्यवहारात मेट्रिक वजने सक्तीची झाली. मण-शेर गेले, क्विंटल-किलो आले. अडीचकीची ती सुंदर किल्ली एका रात्रीत निरुपयोगी ठरली, कारण शंभर आणि हजार यांच्या जगात अडीचला विशेष काम नव्हते. माणसे मात्र चार आणे, आठ आणे म्हणत राहिली, ती थेट 2011 मध्ये पंचवीस पैशांचे नाणे चलनातून जाईपर्यंत, आणि काही जण अजूनही म्हणतात. उरलेसुरले काम कॅल्क्युलेटरने संपवले. 2019 च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्ट हे 'साठ तीन' असे वाचायला सुचवले, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे आकडे मुलांना जड जातात, जुनी पद्धतही सोबत आहेच. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांना स्वतःला एकोणतीसचा पाढा येत होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढे पाठ करून मेंदूचे खरोखर काही भले होते का?

याचे एक उत्तर शोधायला गोंदिया जिल्ह्यातल्याच आमगाव तालुक्यातल्या पदमपूरला जावे लागते. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे जन्मगाव पद्मपूर ते हेच, असे मांडले. आठव्या शतकातल्या या नाटककाराने 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही तीन नाटके लिहिली. नाटकांच्या प्रस्तावनेत तो आपले कूळ सांगतो: उदुंबर घराणे, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा. त्याच्याही आधी वाकाटकांच्या काळात पद्मपूर राजधानीचे ठिकाण होते. आज आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. तैत्तिरीय शाखा म्हणजे कृष्ण यजुर्वेद, आणि तो घरात पाठ करण्याची शिस्त ही पाढ्यांच्या कितीतरी पुढची. शब्द नुसते ओळीने म्हणून भागत नसे. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा असा क्रम धरायचा, मग एक शब्द पुढे सरकून तेच पुन्हा. उलटसुलट फिरवल्यामुळे एखादा शब्द निसटला वा स्वर बदलला तर लगेच उघडे पडते. गणितातला ताळा पाहावा तसाच हा ताळा. युनेस्कोने 2003 मध्ये या वेदपठणाला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले.

2016 मध्ये इटलीतील ट्रेंटो विद्यापीठाशी संबंधित जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 21 वेदपाठी पंडितांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेतल्या आणि तेवढ्याच इतर माणसांशी ताडून पाहिल्या. भाषा, स्मृती आणि दृष्टी यांच्याशी निगडित भागांत पंडितांचे करडे द्रव्य अधिक भरले. वृत्तपत्रांनी अर्थातच 'मंत्रांनी मेंदू वाढतो' असे मथळे दिले. अभ्यासात तेवढे सिद्ध झालेले नाही. पाठांतरामुळे मेंदू बदलला, की तसा मेंदू असलेली मुलेच त्या शिक्षणात टिकली, हे एका वेळच्या चित्रावरून ठरत नाही. शिवाय हे पंडित लहानपणापासून ठरावीक वेळी उठणे, जेवणे, झोपणे अशा कडक दिनक्रमात वाढलेले. श्रेय मंत्राचे किती आणि पहाटे उठण्याचे किती, हे कसे वेगळे काढणार?

पदमपूरहून फार लांब नाही, सालेकसा तालुक्याच्या डोंगरात कचारगड आहे. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. गोंडांचा आदिगुरू पारी कुपार लिंगो याने गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका केली, त्या कथेशी हे स्थळ जोडलेले आहे. ही कथा शतकानुशतके सांभाळली ती परधानांनी, बाना वाजवत. परधान हा गोंडांचा भाट. यजमान घराण्याची वंशावळ, देवांची उत्पत्ती, कोणाचे देव किती, हे सारे त्याच्या डोक्यात. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशा गटांत समाज विभागलेला. सोयरीक जुळवायची तर आधी देव मोजायचे. आठवणीत गफलत झाली तर नात्यातच लग्न लागण्याची भीती. नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे हे दीर्घ गीत एका परधानाकडून उतरवून घेतले. 1863 मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले, आणि रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये त्यांचे कागद छापले, तेव्हा ते गीत कागदावर आले. सुमारे हजार ओळी, तोपर्यंत फक्त गळ्यात होत्या. घनपाठ्याला विद्वान म्हणायचे आणि परधानाला भिक्षेकरी, हा भेद मेंदूच्या प्रतिमेत दिसण्याचे कारण नाही. परधानांच्या मेंदूचे चित्र घ्यायलाही कोणीतरी जायला हवे.

पाठांतर रंगमंचावरही आहे. दिवाळी झाली, भाऊबीज आली की या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक. झाडीपट्टी म्हणतात त्या या मुलखाच्या रंगभूमीचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे. अर्जुनी-मोरगावचा सगळा पट्टा त्याच्या शेजारात. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. आज एका गावात सासरा, उद्या दुसऱ्या गावात खलनायक, परवा विनोदी गडी, तालमी मोजक्या. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका असल्याचे सांगितले गेले. आकड्यांत थोडे इकडेतिकडे धरले तरी एवढ्या भूमिका एका डोक्यात वावरल्या, ही लहान गोष्ट नव्हे. संवाद विसरला तर स्वतःचे वाक्य घालून गाडी रुळावर आणायची, आणि समोरचा प्रेक्षक असा की नाटक त्याने तीनदा पाहिलेले असते. इथेही चूक पकडणारा हजर आहेच.

आठवणीचा आणखी एक प्रकार नवेगाव बांधला सापडतो. हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे आले, तेव्हा त्यांना पुस्तकांपेक्षा अधिक दिले ते इथल्याच माधवराव पाटील डोंगरवार यांनी. कुठला पक्षी कधी येतो, कुठे घरटे करतो, त्याला झाडीबोलीत काय म्हणतात, कुठल्या जनावराची कोणती खोड, हे माधवरावांना तोंडपाठ. चितमपल्लींनी ते ऐकले, टिपले, पडताळले आणि मराठीला एक वेगळेच वनसाहित्य मिळाले. 1990 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी कोशांचे काम हाती घेतले: पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश. हजारो नावे, अनेक भाषांतले पर्याय, आणि रोजची ठरलेली बैठक. 2025 मध्ये पद्मश्री स्वीकारायला ते दिल्लीला गेले तेव्हा 92 वर्षांचे होते. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. जंगलात पायी हिंडण्यात घालवलेली दशके आणि म्हातारपणीही न सुटलेला अभ्यास, दोन्ही त्यांच्या पदरात होते. एकाच माणसावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरेच.

सिद्धान्तासाठी मोठे आकडे लागतात. 'लॅन्सेट' आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. यादी गोंदियात बसून वाचली तर ओळखीची वाटते: लहानपणीचे अपुरे शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, बसून राहणे, एकटेपणा, दृष्टी जाणे, बहिरेपण आणि धूम्रपान. ज्या विडीने हजारो बायांना मोजणी शिकवली, तिच्याच धुराने ओढणाऱ्याची आठवण खाल्ली, हा विनोद काळाने जरा कडूच केला आहे. शब्दकोड्यांना त्या यादीत जागा नाही.

बहिरेपणाचे नाव वाचून अनेकांना नवल वाटते. कानाला ऐकू येईनासे झाले की माणूस बोलण्यातून, हिशेबातून, नात्यातून हळूहळू बाजूला सरतो. मेंदूला येणारा माल तुटतो. परवचा काय, परधानाचे गीत काय, खळ्यावरचा 'लाभ' काय, सारा कारभार कानावर चालत होता. मंडईत आकाशपाळणे, चुडी-बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने लागतात. त्यांच्या शेजारी कान तपासणारा एक तंबू पडायला हरकत नाही. रात्रीच्या नाटकाला पुढच्या जागेसाठी म्हाताऱ्यांची जी रेटारेटी होते, ती तरी थोडी कमी होईल.